भाकरी टाकू का?

राजूरच्या रस्त्यावरच्या त्या गावात लाइट आली, की आधी शाळेला कळायचं. दिवे लागून नव्हे, शाळेचे बल्ब कधीचेच गेलेले होते. वर्गावर्गातून फोन वाजायचे. शेतातल्या मोटारींना आता मोबाइलवर चालणारे स्टार्टर बसले होते, आणि विहिरीवर लाइट आली की स्टार्टर मालकाला फोन लावायचा. मालक म्हणजे बाप, पण बापाला कुठलं बटण दाबायचं ते उमगत नाही, म्हणून नंबर पोराचा दिलेला. मग इकडे रामकिसन गुरुजी दहावीच्या फळ्यावर त्रिकोण काढून घसा कोरडा करतायत, आणि तिकडे मागच्या बाकावरच्या दप्तरातून एक यंत्राची बाई सांगते, "आपल्या मोटारीला वीजपुरवठा सुरू झाला आहे." तिचं संपत नाही तोवर दुसऱ्या दप्तरातून तीच बाई, तोच निरोप.

"सर, लाइट आली," बद्रीनाथचा हरिओम उभा राहून म्हणायचा.

"आली तर येऊ दे. पाहुणी हाये का तुझी?"

"मोसंबीला पाणी द्यायचंय सर. एक बटण दाबतो फक्त."

आता एक बटण दाबायला काढलेला फोन कधी खाली गेलाय का? मोटार सुरू व्हायची आणि तिच्यामागं सगळंच सुरू व्हायचं. बाकाखाली माना गेल्या की गुरुजींना समोर नुसते भांग दिसायचे. भांगांना काय शिकवायचं? त्यातच एक दिवस नवीन आलेल्या तृप्ती मॅडम फळ्याकडं तोंड करून लिहीत असताना कुणीतरी पाठीमागून त्यांचं शूटिंग केलं, त्याला लग्नातलं गाणं जोडलं आणि गावभर फिरवलं. मॅडम दोन तास ऑफिसात बसून होत्या, पाण्याचा ग्लास तसाच हातात. पालकांची सभा झाली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, फोन वाईटच, पण आमच्या पोराचा तेवढा राहू द्या.

मुख्याध्यापक म्हणून गुरुजींनी काहीतरी करायला पाहिजे होतं. पण गुरुजी थकले होते. पुढल्या साली निवृत्ती होती, आणि माणूस नुसत्या वयानं जेवढा थकतो त्याहून ते जास्त थकले होते. त्याचं कारण त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं.

तो फोन वाजायचा नाही, नुसता थरथरायचा. छातीवर चिमणी अडकल्यासारखा. गुरुजी खडू ठेवायचे, "वाचा रे पुढचं," म्हणायचे आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन फोन कानाला लावायचे.

"ऐकलं का? भाकरी टाकू का?"

"नको, थांब. मी आलो की टाक."

"बरं."

एवढंच. पुष्पाबाईंचं समाधान व्हायचं. थोडा वेळ जायचा, चिमणी पुन्हा फडफडायची. "ऐकलं का? भाकरी टाकू का?" मघाचं त्यांना काही आठवत नसायचं. गुरुजी मात्र पहिल्यांदाच ऐकतोय अशा आवाजात सांगायचे, "थांब. मी आलो की टाक."

जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे विसरणं आता वाढतच जाणार, बाईंना आगीपाशी एकटं सोडू नका. गुरुजींनी गॅसची टाकी बंद करून बघितली, तर पुष्पाबाईंनी मागच्या अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली. एकदा बाहेरून कुलूप लावलं. परत आले तेव्हा त्या खिडकीचे गज धरून उभ्या होत्या, आणि म्हणाल्या, "माझं काय चुकलं?" त्या दिवसापासून कुलूप नाही. सगळा संसार त्या एका फोनवर टांगलेला. फोनवर आवाज ऐकला की त्या थांबायच्या. नाही ऐकला, की पीठ मळायला घ्यायच्या.

गावात कुणालाच हे माहीत नव्हतं. घर गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं. कुणी विचारलं तर गुरुजी म्हणायचे, "बाईचे गुडघे दुखून राह्यलेत." ज्या बाईनं सप्ताहाच्या पंगतीला परातीच्या पराती भाकरी थापल्या, तिला गावानं 'खुळी झाली' म्हणावं, हे त्यांना सोसणार नव्हतं. पोरगा पुण्याहून दर रविवारी म्हणायचा, "बाबा, इकडं या." तिथं सातव्या मजल्यावर तिनं चूल कुठं पेटवायची, असं गुरुजींच्या मनात यायचं. बोलायचे मात्र, "बघू."

अशात मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीचा सप्ताह आला.

सप्ताह म्हटला की गुरुजींच्या अंगात वेगळाच जीव यायचा. टाळाचा पहिला ठोका पडला की दिवसभराची धूळ झटकल्यासारखी व्हायची. त्यांच्याकडं वीणेचा पहाटेचा पहारा असे, तोही कैक वर्षांचा. वीणेचा नियम कडक. बसवली की सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. ज्याच्या गळ्यात ती, त्यानं नाम घेत उभं राहायचं. त्याचा पहारा संपला की दुसऱ्यानं यायचं, त्याच्या पाया पडायचं आणि आपल्या गळ्यात घ्यायची. घेताना एक, देताना एक, मध्ये खंड नाही. कडूबा म्हणून एक म्हातारे होते, वीणा त्यांच्याच घरी खुंटीला असे आणि पहारे तेच लावून देत. स्वतःला मात्र दरसाल भर दुपारचा पहारा यायचा आणि दरसाल ते कुरकुरायचे, "देवाला मीच सापडतो का उन्हात वाळवायला?"

त्या सात दिवसांत पुष्पाबाई बायकांत बसायच्या, टाळ्या वाजवायच्या, प्रसाद घ्यायच्या. एकदाही भाकरीचं विचारलं नाही. गुरुजींना वाटलं, देवानं मनावर घेतलंय.

काल्याच्या कीर्तनाला वीणा गुरुजींच्याच गळ्यात होती. महाराज रंगात आले होते. टाळकऱ्यांच्या दोन रांगा एका पावलानं मागं-पुढं होत होत्या. मृदंगाची थाप पोटात उतरत होती. महाराजांनी हात वर केला, टाळ थांबले. आता शब्द यायचा, अशी ती भरलेली शांतता. आणि त्या शांततेत कडूबांच्या बंडीतून यंत्राची बाई बोलली, "आपल्या मोटारीला वीजपुरवठा सुरू झाला आहे."

मांडव खदखदला. महाराज कमरेवर हात ठेवून म्हणाले, "घ्या! कडूबाच्या मोटारीला लाइट आली. आता डोक्याला कधी येती, ते बघायचं."

कडूबा फोन बंद करायला गेले आणि त्यांच्याकडून मोटारच चालू झाली. पुन्हा हशा. हशा ओसरू देऊन महाराज हळू आवाजात म्हणाले, "हसू नका बाबांनो. देव उद्या दारात येऊन उभा राह्यला, तर आपण म्हणू, देवा, जरा दम धर, एवढं बघून होऊ दे. अन् लेकरं आपलंच बघून शिकून राह्यलीत. गुरुजी, तुमच्या शाळेत काय चाललंय?"

गुरुजी काही बोलायच्या आत गर्दीतून हरिओमचा बाप बद्रीनाथ ओरडला, "महाराज, मास्तरांचेच फोन सुटंनात, पोरांचं काय घेऊन बसलात? आमचे गुरुजी टाकीमागं जाऊन बोलत असतात म्हणं!"

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीणेची तार त्यांच्या बोटाखाली होती. घरची आठवण झाली नाही असं नाही. ती झाली, आणि तरीही ते बोलून गेले. कीर्तनात एवढी माणसं एका सुरात उभी असतात, की आपल्या मागं कुणी नाही असं वाटतच नाही.

"उद्यापासून शाळेत फोन वाजणार न्हाई," ते म्हणाले. "पोरांचा न्हाई, मास्तरांचा न्हाई, अन् सगळ्यात आधी माझा न्हाई. वीणेवर हात ठेवून सांगतो. वाजला तर पुन्हा वीणा गळ्यात घेणार न्हाई."

गजर झाला. टाळ, मृदंग, टाळ्या. बायकांच्या बाजूला पुष्पाबाईही सगळ्यांसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर गुरुजींनी खिशातला फोन काढला, बंद केला आणि कापडी पिशवीत टाकला. मग बाकीचे शिक्षक, मग वर्गावर्गाच्या पिशव्या. सगळ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. किल्ली त्यांनी तृप्ती मॅडमच्या हातात दिली. "मी मागितली तरी द्यायची न्हाई," असं वर बजावलं. त्यांना स्वतःची खात्री नव्हती.

घरी स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, नजरेला पडेल असं भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'थांब. मी येतो.' पुष्पाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. म्हणाल्या, "अक्षर चांगलंय. कुणाचंय?"

"माझंच."

"मंग येताव कधी?"

"संध्याकाळी."

"बरं," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि गुरुजी निघाले.

शाळा मात्र बदलली, हे कुणालाही नाकारता यायचं नाही. पहिले काही दिवस पोरं खिशाशी हात नेत आणि चटका बसल्यासारखा मागं घेत. मग मधल्या सुट्टीत कुणी लंगडी मांडली, कुणी विटी तासून आणली. मैदानात असा कल्ला उठायचा की खिचडी शिजवणाऱ्या बेबीनंदाताई म्हणायच्या, "गुरुजी, आधीची पोरं मुकी होती, तीच बरी होती!" त्यांची प्रियदर्शनी दहावीतच होती. तिनं एक दिवस हात वर करून प्रमेयातली एक पायरी चुकल्याचं दाखवलं. चूक गुरुजींचीच होती. अशी चूक पकडायला मान वर असावी लागते, आणि कितीतरी दिवसांनी वर्गातल्या सगळ्या माना वर होत्या. एवढ्या थकव्यातही गुरुजींना त्या दिवशी काल्याचा प्रसाद मिळाल्यासारखं झालं.

मग शाळा सुटायची. कपाट उघडायचं. फोन चालू केला की काचेवर एकामागून एक खुणा येत राहायच्या, न उचललेल्या फोनांच्या. पुष्पा. पुष्पा. पुष्पा. गुरुजी तो पालथा घालून खिशात टाकायचे आणि सायकल हाणत घर गाठायचे. घरी ओट्यावर भाकरींची चळत, आणि बाजूला दमून बसलेल्या पुष्पाबाई. "तुम्ही आलाच न्हाईत. मंग मी टाकल्या." भिंतीवरची अक्षरं पिठाच्या हातांनी पुसट होत चालली होती. गुरुजी रोज नव्यानं गिरवायचे.

भाकरी दोघांना किती लागणार? उरलेल्या ते शेजारच्या शेतातल्या सोनूबाईच्या म्हशीला नेऊन घालायचे.

"गुरुजी, एवढ्या भाकरी? पाहुणे आल्ते का?" सोनूबाई विचारायची.

"आल्ते."

"रोजच येऊन राह्यलेत तुमच्याकडं पाहुणे!"

"येतात बाई," गुरुजी म्हणायचे, आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून निघायचे.

खोटं बोलून आलेला माणूस देवासमोर बसला की डोळे मिटत नाहीत. एकदा त्यांनी ठरवलं, आपल्यापुरती सवलत मागायची. मधल्या सुट्टीत तृप्ती मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम, ते कपाट..."

"सर, बरं झालं आलात," मॅडम म्हणाल्या. "सकाळी बद्रीनाथ काका येऊन गेले. मोटारीसाठी हरिओमला तेवढी सूट द्या म्हणत होते. मी म्हणाले, काका, सरांनी स्वतःचा फोन आधी ठेवलाय. लगेच गप झाले बघा. तुमच्यामुळं चाललंय सगळं. नाहीतर मी बदलीचा अर्ज करणार होते."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू होतं.

"तुम्ही काही म्हणत होतात?"

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "कुलूप जरा घट्ट बसतंय, तेल घाला म्हणायला आल्तो."

त्या दिवसापासून त्यांना वर्गात शिकवताना छातीवर थरथर जाणवायला लागली. खिसा रिकामा, तरी चिमणी फडफडायची. हात आपोआप जायचा आणि नुसत्या कापडावरून परत यायचा.

माघ लागला, ऊन तापायला लागलं. एका दुपारी गुरुजी दहावीवर होते आणि फाटकापाशी गलका झाला. बेबीनंदाताई आत येत होत्या. त्यांच्या हाताला धरून पुष्पाबाई. पायात काही नाही. पदराचं टोक करपलेलं, उजवा तळहात लाल, सुजलेला. आणि डाव्या काखेत फडक्यात बांधलेलं भाकरींचं गाठोडं, लेकरू धरावं तसं.

"गुरुजी, बाई ओढ्यापाशी उभ्या होत्या," बेबीनंदाताई दम खात म्हणाल्या. "मला विचारून राह्यल्या, शाळा कुठंय म्हणून."

तीस वर्षं ज्या शाळेत त्यांनी डबा पाठवला, ती शाळा.

पुष्पाबाईंनी गुरुजींना बघितलं आणि चिडल्या. "किती फोन लावले तुम्हाला! एक न्हाई उचलला. म्हणलं गार होतील. खावा आता गुमान."

सगळा वर्ग दाराखिडक्यांत. गुरुजींना वाटलं, आता हसतील. ज्याच्यासाठी एवढं झाकलं, ते आता मैदानात उघडं पडलं. पण कुणी हसलं नाही. प्रियदर्शनीनं पाण्याचा तांब्या आणला. पुष्पाबाईंनी तिच्या हातात भाकरी ठेवली, मग हरिओमच्या, मग जो समोर आला त्याच्या. पोरं मुकाट्यानं मैदानात उभ्या उभ्या कोरडी भाकरी खायला लागली.

डॉक्टरांना बोलवायचं म्हणून तृप्ती मॅडमनी कपाट उघडलं, गुरुजींचा फोन चालू केला. काचेवर खुणा यायला लागल्या. मॅडम बघत राहिल्या.

"सर, हे रोज असं येत होतं?"

गुरुजींनी मान हलवली.

"मी किल्ली दिली असती सर."

"म्हणून तर मागितली न्हाई," गुरुजी म्हणाले.

हाताला मलमपट्टी झाली. जखम मोठी नव्हती, पण मोठी व्हायला किती वेळ लागतो? सूर्य कलल्यावर गुरुजी पुष्पाबाईंना घेऊन मारुतीच्या पारावर गेले. तिथं कडूबा आणि भजनातली चार माणसं रोज बसायची. बातमी आधीच पोचली होती. बद्रीनाथही होता, सोनूबाईही म्हैस सोडून आलेली. पुष्पाबाई पारावर बसल्या आणि पट्टीचा हात मांडीवर ठेवून इकडेतिकडे बघायला लागल्या.

"कडूबा, मला वीणेतून मोकळं करा," गुरुजी म्हणाले.

"का बरं?"

"शब्द दिला, तो माझ्यानं निभत न्हाई. फोन जवळ ठेवावा लागणार. उद्यापासून मी खिशात ठेवतो. वीणा दुसऱ्याला द्या."

बद्रीनाथ पुढं सरकला. "म्हणजे बंदी उठली म्हणायची का? माझी मोसंबी वाळून..."

"तू गप रे!" कडूबा खेकसले. "मोसंबीचं मोसंबीला बघू. जल्दी काय तुला?"

"मी आपलं विचारलं," बद्रीनाथ पुटपुटला.

"अन् गुरुजी तुम्ही!" सोनूबाईला राहवलं नाही. "महिनाभर माझ्या म्हशीनं भाकरी खाल्ल्या, अन् मला म्हणता पाहुणे आल्ते! मी घरी जाऊन सांगायची, गुरुजींकडं लई राबता वाढलाय. तोंड होतं का न्हाई सांगायला?"

"काय सांगू सोनूबाई?" गुरुजी म्हणाले. "गावानं तिला हसावं का?"

"हसणारे हसले असते दोन दिवस. मंग दमले असते."

कडूबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग त्यांनी ती तोंडात न टाकताच फेकून दिली.

"मला एक सांगा गुरुजी. सप्ताहात वीणा सात दिवस तुम्ही एकटेच घेऊन उभे राहता का?"

"एकट्याला कसं जमंल?"

"घोळ झाला, कुणाचा पाय दुखला, तर आपण काय म्हणतो? खाली ठेवा म्हणतो?"

"न्हाई. दुसऱ्याला द्या म्हणतो."

"मंग? बाईला एकटेच गळ्यात घालून उभे राह्यलात, अन् आता आम्हाला म्हणता वीणा काढून घ्या. मला म्हाताऱ्याला हे बराबर लागंना बघा." ते जमलेल्यांकडं वळले. "पहारे लावायचे. शाळा भरती तिथून सुटती तोवर. बोला, कोण कोण?"

"दुपार होईस्तोवर मी," सोनूबाई म्हणाली. "नाहीतरी माझ्या म्हशीचा खुराक तिथंच शिजतो."

"माझी घरची येईल बुधवारी," बद्रीनाथ नाइलाजानं म्हणाला. "विचारून सांगतो."

बेबीनंदाताई शाळा आवरून पाराच्या कडेला उभ्या होत्या. भजनात त्या कधी बसल्या नव्हत्या. त्यांचं विहार गावाच्या खालच्या अंगाला, त्यांची वंदना वेगळी.

"मी काही तुमच्या वीणेच्या पहाऱ्यात न्हाई कडूबाबा," त्या म्हणाल्या. "पण बाईच्या पहाऱ्यात मला धरा. खिचडी उरकली की मी मोकळीच असते. माझ्या बाळंतपणात ह्याच बाईनं डिंकाचे लाडू पाठवल्ते. तिच्या ध्यानात नसंल. माझ्या हाये."

"धरलं," कडूबा म्हणाले. "अन् उरलेलं भर दुपारचं ऊन कुणाच्या नशिबी? माझ्याच! देवाला मीच सापडतो."

पुष्पाबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी गुरुजींची बाही ओढली आणि हळूच विचारलं, "सप्ताह कधी बसतोय?"

"बसला," गुरुजी म्हणाले.

आता पहारे लागले म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं नाही. माणसांचं काम आहे ते. बद्रीनाथची बायको एका बुधवारी आली आणि पुढच्या बुधवारी माहेरी गेली. कडूबा बसल्या बसल्या घोरायचे, आणि पुष्पाबाई त्यांच्या अंगावर चादर घालून पीठ मळायला जायच्या. एकदा त्यांनी सोनूबाईला घराबाहेर काढलं, "ह्या बाया कशाला येऊन बसतात माझ्या घरात?" म्हणून. सोनूबाई अंगणात बसून राहिली आणि थोड्या वेळानं नव्यानं आल्यासारखी आत गेली. बेबीनंदाताई आल्या की मात्र पुष्पाबाई खुशीत असायच्या. त्यांचं नाव त्या रोज विचारायच्या, आणि रोज म्हणायच्या, "चांगलंय नाव."

दुखणं हटलं नाही. ते हटणारं नव्हतंच. फक्त ते आता जमिनीला टेकत नव्हतं.

शाळेतली बंदी तशीच राहिली. मोटारी बापांनी आपल्या नंबरावर घेतल्या. बद्रीनाथला बटण शिकवायला हरिओमला दोन रविवार लागले.

दहावीचा निरोपसमारंभ झाला त्या संध्याकाळी गुरुजींनी कपाटातून फोन काढला, चालू केला आणि वाट बघत उभे राहिले. काहीच आलं नाही. खूण नाही, थरथर नाही. आपण हेच मागितलं होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तरी फोन बराच वेळ हातात धरून ते तसेच उभे राहिले, मग सायकलवर बसले. रस्ता चढाचा नव्हता, पण पायडल जड वाटत होतं.

घरी बेबीनंदाताई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. गुरुजींना बघून उठल्या, चपला पायात सरकवल्या.

"घ्या गुरुजी, तुमचा पहारा," त्या म्हणाल्या. "शांत होत्या आज. एकदाच रडल्या, मंग विसरल्या का रडतोय ते."

"ताई, तुमचे उपकार..."

"जाऊ द्या. उद्या खिचडीला तांदूळ कमी पडतील, तेवढं बघा."

त्या गेल्या. गुरुजी आत आले. पुष्पाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. भिंतीवरची खडूची अक्षरं कुणीतरी पुसली होती, नाहीतर आपली आपणच गेली होती.

"किती येळचा फोन लावून राह्यले," पुष्पाबाई म्हणाल्या. "उचलतच न्हाईत तुम्ही."

फोन तर आलाच नव्हता. गुरुजी म्हणाले, "शाळेत बंदी हाये फोनला."

"कुणी केली?"

"मीच केली."

पुष्पाबाईंनी थोडा विचार केला. "मंग बराबरच केली असंल," त्या म्हणाल्या. पट्टी सुटलेला हात त्यांनी पदराला पुसला आणि त्यांच्याकडं बघितलं.

"ऐकलं का? भाकरी टाकू का?"

गुरुजींनी सदरा खुंटीला अडकवला. हातपाय धुतले नव्हते, तसेच ते ओट्यापाशी आले, पाट ओढला आणि गॅस लावून दिला.

"टाक," ते म्हणाले. "मी हितंच बसतो."

पुष्पाबाईंनी परात पुढं घेतली. पहिली भाकरी तव्यावर पडली. गुरुजी पाटावर बसून, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात रामकृष्णहरी म्हणत राहिले, आणि मध्येच डोळे उघडून बघत होते, आच फार झाली का.